पावणेतीन महिन्यांत गेलेला ट्रिगर स्विच : अंबडमधल्या एका ड्रिलचं प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या गाळ्यात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या तयार होतात. तिथलं १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), ६०० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल दुरुस्तीला आलं, तेव्हा मालकाने निदान स्वतःच करून आणलं होतं. "भाऊ, मागच्या वेळी टाकलेला स्विच डुप्लिकेट निघाला. आता ओरिजिनलच टाका."

त्यांच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ होता. कंपनीकडून आलेला मूळ स्विच दोन वर्षं चालला. तो गेल्यावर बाजारातला बसवला, तो पावणेतीन महिन्यांत गेला. मशीन तेच, म्हणजे खोट स्विचमध्ये. पण याच गाळ्यात आदल्या वर्षी काय बदललं होतं, हे या हिशेबात कुठेच नव्हतं.

तक्रारी तीन होत्या. ट्रिगर अर्ध्यावर दाबला तर ड्रिल फिरतच नाही, तळापर्यंत दाबला की झटका देऊन थेट पूर्ण वेगाने सुटतं. दाबलेला ट्रिगर बोटाने किंचित डावी-उजवीकडे हलवला की बंद-चालू होतं. आणि तिसरी, जी मालकाने जाता जाता सांगितली पण खरी गंभीर तीच होती : ट्रिगर सोडल्यावरही ड्रिल कधी कधी क्षणभर फिरत राहतं. दोनदा तर थांबलंच नाही, प्लग ओढावा लागला. सोडल्यावर न थांबणारं ड्रिल त्याच मिनिटाला कामावरून काढायचं असतं. ४ मिमीचा बिट सेक्शनमध्ये, म्हणजे खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्टीत, अडकलेला आणि ट्रिगर सोडूनही मोटर चालू, यात मनगट पिळवटायला वेळ लागत नाही.

लक्षणं काय सांगतात

वेग कमी-जास्त करणाऱ्या ट्रिगर स्विचमध्ये एक नाही, चार गोष्टी दाटीवाटीने बसवलेल्या असतात. मुख्य पॉइंट, जे मोटरचा करंट जोडतात आणि तोडतात. ट्रायॅक, जो वीज प्रत्येक अर्ध्या लहरीत थोडी उशिरा सोडून वेग कमी ठेवतो. कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावर सरकणारी पत्र्याची जीभ. ट्रिगर जेवढा दाबाल तेवढी ही जीभ पुढे जाते आणि ट्रायॅकला किती उशीर करायचा ते ठरवते. आणि वरच्या अंगाला फॉरवर्ड-रिव्हर्सचे पॉइंट. बऱ्याच स्विचमध्ये ट्रिगर पूर्ण दाबल्यावर आणखी एक पॉइंट जुळतो आणि ट्रायॅकला वळसा घालून मोटरला थेट वीज देतो.

हे डोक्यात असलं की ड्रिल न उघडताही बरंच कळतं. जरासं दाबताच पूर्ण वेग येत असेल तर ट्रायॅक शॉर्ट झालेला असतो. अर्ध्यावर मेलेलं आणि तळाशी जिवंत, म्हणजे वळशाचा पॉइंट ठीक आहे. बिघाड ट्रायॅक, पट्टी किंवा जिभेत आहे. एकाच दिशेने फिरत असेल तर रिव्हर्सचे पॉइंट जळालेत. सोडल्यावर थांबत नसेल तर मुख्य पॉइंट वितळून एकमेकांना चिकटताहेत, किंवा ट्रिगरच्या मार्गात काही अडकून स्प्रिंग त्याला परत ढकलू शकत नाही.

इथे अर्ध्यावर मेलेलं असणं आणि सोडल्यावर न थांबणं, ही दोन लक्षणं एकत्र होती. स्विचच्या दोन वेगवेगळ्या भागांनी एकाच वेळी मान टाकली, तर बहुतेकदा दोघांचं कारण एकच असतं.

स्विचला हात लावण्याआधी

स्विच हा दोषी कमी आणि बळी जास्त असतो. त्यामुळे त्याच्या आधी चार तपासण्या होतात. अर्ध्या तासाचं काम आहे, पण इथेच आळस झाला तर नवा स्विचही जुन्याच्या वाटेने जातो.

केबल : प्लग काढून, प्लगच्या एका पिनेपासून हँडलच्या आतल्या त्याच वायरच्या टोकापर्यंत मल्टिमीटरचा बझर (वायर सलग असेल तर वाजतो) लावला आणि केबल जिथे रबरी नळीतून हँडलमध्ये शिरते तिथे चारी बाजूंना वाकवून पाहिली. बझर तुटला नाही. दुसऱ्या वायरचंही तसंच. केबल निर्दोष.

इन्सुलेशन : या ड्रिलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह होतं, म्हणजे डबल इन्सुलेशन, केबल दोनच वायरची, अर्थिंग नाही. अशा मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा कीस घुसलेला असेल तर ही तपासणी टाळायचीच नाही, कारण हा कीस विजेचा चांगला वाहक आहे आणि अर्थिंगचा आधार मुळातच नाही. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, ट्रिगर दाबून धरून, चकच्या धातूला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारं मीटर, लावला. आकडा ४० मेगाओहमच्या वर आला. सातच्या खाली आला असता तर स्विचचा विषय बाजूला ठेवून आधी संपूर्ण मशीन खोलून साफ करावं लागलं असतं.

फिल्ड आणि आर्मेचर : फिल्ड म्हणजे मोटरच्या स्थिर कॉइल, आर्मेचर म्हणजे फिरणारा भाग. फिल्डच्या दोन कॉइलमध्ये ३.४ आणि ३.५ ओहम, म्हणजे जोडी जुळलेली. कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या कड्याच्या, लगतच्या पट्ट्यांमधलं माप फेरी मारून सगळीकडे जवळपास सारखं. आर्मेचर जळालेलं असतं तर एखाद्या ठिकाणी आकडा एकदम घसरला किंवा चढला असता.

कार्बन : कम्युटेटरवर टेकून आर्मेचरला वीज देणारे दोन ठोकळे. इथे पहिला सुगावा लागला. एक कार्बन ९ मिमी उरलेला, दुसरा जेमतेम ५. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले असूनही एवढा फरक पडतो, तेव्हा एक होल्डरमध्ये अडकत असतो. अडकलेला कार्बन कम्युटेटरवर नीट टेकत नाही, ठिणग्या मारतो आणि लवकर झिजतो. आखूड कार्बनचा होल्डर बारीक किसाने भरलेला निघाला. त्याच्यामुळे करंट तुटक जात होता आणि त्याचा काही त्रास स्विचच्या पॉइंटलाही होत असणार. पण पावणेतीन महिन्यांत स्विच संपावा इतका मोठा हा दोष नव्हता.

उघडल्यावर

प्लग काढल्यावर ट्रिगर दोन-तीनदा दाबून सोडला, म्हणजे कपॅसिटरमध्ये राहिलेला विजेचा चिमटा मोटरमधून निघून जातो. मग बाजूचं हँडल आणि खोलीमापाची पट्टी काढली. बॉडीचे नऊ स्क्रू, टॉर्क्स २० चे, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचे. गिअरजवळचे दोन बाकीच्यांपेक्षा लांब. पुठ्ठ्यावर ड्रिलचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवला. लांब स्क्रू चुकून हँडलमध्ये गेला तर तो आतल्या वायरला टोचतो.

अर्धी बॉडी उचलताना मशीन आडवं, काढायची बाजू वर. इम्पॅक्टच्या बटणाखाली एक छोटी स्टीलची गोळी आणि स्प्रिंग असते, ती याच क्षणी उडते. रिव्हर्सची पट्टीही कशालाच स्क्रूने धरलेली नसते, ती निखळते. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर तीन फोटो : पूर्ण हँडल, स्विचची डावी बाजू, उजवी बाजू. वायरचे रंग सगळे काळे-निळेच असल्याने नुसता फोटो पुरत नाही. प्रत्येक टोकाला कागदी टेपचा तुकडा लावून आकडा घातला.

हँडलचा तळ चंदेरी किसाने भरलेला होता. चमचाभर सहज निघाला असता. ट्रिगर आणि बॉडीमधल्या फटीतून तो आत जातो. कारागीर रोज संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रिल साफ करत होता, आणि नोझल ट्रिगरच्या फटीवर धरत होता. साफसफाईच्या नावाखाली कीस आत ठोकला जात होता.

काढलेला स्विच फोडून पाहिला. हा नुसता तपासासाठी. फोडलेला स्विच परत बसवायचा नसतो. काही जण पॉइंटला पॉलिश पेपर मारून, स्प्रे टाकून स्विच जिवंत करतात. पॉइंटवरचा चांदीचा थर मुळात पातळ, तो घासला की खालचं तांबं उघडं पडतं. आठवडाभर चालतं, मग आधीपेक्षा जोरात चिकटतं. वर, फोडलेल्या स्विचचं झाकण पूर्वीसारखं बसत नाही आणि कीस जायला नवी वाट होते.

मुख्य पॉइंट खड्डे पडून काळे झालेले, एका बाजूची चांदी जवळजवळ गेलेली, दुसऱ्या बाजूला तिचा उंचवटा तयार झालेला. जीभ जिथे सरकते ती कार्बनची पट्टी पहिल्या एक तृतीयांश भागात पांढुरकी, घासून संपलेली. पुढचा भाग मात्र जवळजवळ कोरा.

या शेवटच्या खुणेपाशी थांबायला हवं. पट्टीचा पहिला भाग म्हणजे ट्रिगरचा थोडासा दाब. तोच भाग संपला याचा अर्थ, ट्रिगर हजारो वेळा नुसता चाचपला गेला होता.

नशिबाने पहिला, कंपनीचा स्विच गाळ्यातल्या डब्यात पडून होता. तोही फोडला. पॉइंटची झीज तशीच, खड्डे तसेच. पट्टी मात्र सगळीकडे सारखी घासलेली. दोन्ही स्विचवरचा छापही सारखाच होता : ६(६) अँपिअर, २५० व्होल्ट, ५ई४. म्हणजे बाजारातला स्विच कागदावर तरी मूळच्या तोडीचा होता आणि झिजलाही मूळच्याइतकाच, फक्त फार लवकर.

५ई४ म्हणजे किती

स्विचवरच्या या छापाकडे सहसा कोणी पाहत नाही. पहिला आकडा साध्या भाराचा करंट, कंसातला मोटरच्या भाराचा. ६०० वॉटच्या ड्रिलला २३० व्होल्टवर सुमारे २.६ अँपिअर लागतात, म्हणजे ६ चा स्विच पुरेसा. ५ई४ म्हणजे पाचावर चार शून्यं, ५० हजार. इतक्या वेळा चालू-बंद होण्याच्या चाचणीत स्विच टिकला पाहिजे, असा त्याचा अर्थ. काही स्विचवर हा छापच नसतो. तेव्हा तो १० हजारांचाच धरून चालावं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं स्विचगिअर तयार होतं. तिथल्या कामगाराला 'किती ऑपरेशन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. काँटॅक्टरचं, म्हणजे कारखान्यातल्या मोटरी चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचं, आयुष्य तो महिन्यांत मोजणार नाही. पण तोच माणूस घरच्या ड्रिलचा स्विच गेला की विचारतो, किती वर्षं झाली?

म्हणून गाळ्यात बसून मोजलं. एका तासात ३८ भोकं पडली आणि ट्रिगर ११७ वेळा दाबला गेला. एका भोकाला तीन दाब. सहा तासांचं काम धरलं तर दिवसाला सुमारे ७०० दाब, महिन्याचे २६ दिवस धरले तर १८ हजारांच्या थोडं वर. ५० हजार गाठायला पावणेतीन महिने.

स्विच पावणेतीन महिनेच चालला होता. हिशेब इतका चपखल बसणं थोडं योगायोगाचं आहे; ५० हजार ही काही मुदत नव्हे, त्यानंतरही स्विच चालू शकतो आणि वाईट वापरात आधीही जातो. पण दिशा स्पष्ट होती.

मग पहिला स्विच दोन वर्षं कसा टिकला? तेव्हा हे ड्रिल साइटवर जायचं. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोडच्या इमारतींत खिडक्यांच्या चौकटी भिंतीला बसवायच्या, ८ मिमीची भोकं, दिवसाला ३०-४०, एका भोकाला दोन दाब. दोन वर्षांत हाही आकडा ४०-५० हजारांच्याच घरात जातो. आदल्या वर्षी गाळ्यात टेबलावरचं काम वाढलं, साइटसाठी नवं ड्रिल आलं आणि हे जुनं टेबलावर बसलं. भिंतीत आदळणारं हॅमरचं काम सुटलं, हलकं ॲल्युमिनियम आलं, म्हणून मालकाला वाटत होतं की मशीनला आता आराम आहे. मोटरला आराम होताच. स्विचवरचा भार मात्र जवळपास दहापटीने वाढला.

प्रत्येक दाबाला पॉइंटचं नुकसान दोनदा होतं. जुळताना मोटर थांबलेली असते, तेव्हा ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि पॉइंट सूक्ष्म उसळी मारत जुळतात. सुटताना कॉइलमधला करंट पटकन थांबायला तयार नसतो, तो ठिणगी होऊन पॉइंटमधल्या फटीतून उडी मारतो. दर वेळी चांदीचा कण जातो. १० मिनिटं सलग चाललेलं ड्रिल स्विचचं दोनदाच नुकसान करतं, १० मिनिटांत २० वेळा दाबलेलं चाळीस वेळा.

तीन दाब का लागत होते

कारागिराला विचारलं तर तो म्हणाला, बिट घसरतो. पावडर कोटिंगच्या गुळगुळीत सेक्शनवर टोक ठरत नाही, म्हणून तो ट्रिगर हळूच टिचकी मारल्यासारखा दाबून आधी खूण पाडत होता, मग पाहत होता, मग भोक. पट्टीचा पहिला भाग झिजल्याचं कारण हेच.

यात एक गैरसमजही होता : ॲल्युमिनियमला वेग कमी हवा. ४ मिमीच्या हायस्पीड स्टीलच्या बिटला ॲल्युमिनियममध्ये मिनिटाला ६० मीटरचा कापवेग सहज चालतो, म्हणजे ४७०० फेऱ्यांच्या आसपास. हे ड्रिल पूर्ण दाबलं तरी मोकळं असताना २८०० फेऱ्या देतं. म्हणजे पूर्ण वेगसुद्धा या कामाला जास्त नाही. हळू फिरवण्याची गरज फक्त घसरण्यामुळे होती.

स्विच निवडताना

मेनरोड-रविवार कारंजाच्या बाजारात जुना स्विच दाखवून "असाच द्या" म्हटलं की दिसायला तसाच हातात पडतो. सोबत नेण्याच्या गोष्टी : जुना स्विच, ड्रिलच्या प्लेटचा फोटो आणि माप घ्यायला व्हर्नियर. पाहायचं ते असं. ट्रिगरचा आकार आणि बॉडीत बसणाऱ्या कडा. इथे १ मिमीचा फरकही ट्रिगर अडकवतो. रिव्हर्सची दांडी कोणत्या बाजूला आणि किती सरकते. लॉकचं बटण डावीकडे की उजवीकडे. वायरची टोकं स्क्रूची की दाबून घुसवायची. आणि अर्थातच छाप : अँपिअर मूळपेक्षा कमी नको, ५ई४ च्या खाली नको. १ई५ म्हणजे १ लाखाचा मिळाला आणि मापात बसला तर तोच घ्यावा.

या ड्रिलसाठी मूळ मापाचा ६(६), ५ई४ स्विच मिळाला. मालकाचा आग्रह होता म्हणून कंपनीच्या पार्टचा. बाजारातल्या आणि कंपनीच्या स्विचच्या किमतीत दुपटीचा फरक होता. सीलबंदपणा कंपनीच्या स्विचमध्ये बरा असतो, किसाच्या कामात तेवढा फायदा धरावा. नुसत्या दाबांच्या हिशेबाने पैसे वसूल होतीलच असं नाही.

बसवताना

या मशीनला स्विचवर आठ टोकं होती. केबलच्या दोन वायर. स्विचमधून फिल्डच्या बाहेरच्या टोकांकडे दोन. फिल्डच्या आतल्या टोकांकडून रिव्हर्सच्या भागात दोन. आणि तिथून कार्बनकडे दोन. नव्या स्विचवर वरच्या चार टोकांचा क्रम जुन्यापेक्षा वेगळा निघाला. बाजारात हे नेहमीचं आहे आणि पहिल्यांदा स्विच बदलणारा इथेच फसतो, कारण तो जागेला जागा जुळवतो.

त्यावर उपाय मल्टिमीटर. रिव्हर्सची दांडी पुढे ठेवून वरच्या चार टोकांत कोण कोणाशी जोडलंय ते बझरने शोधलं : १ ला ३, २ ला ४. दांडी मागे केल्यावर १ ला ४, २ ला ३. म्हणजे १ आणि २ ही एक जोडी, ३ आणि ४ दुसरी. एका जोडीवर फिल्ड, दुसरीवर कार्बन. सिरीज मोटरची दिशा उलटवायची तर फिल्ड आणि आर्मेचर यांपैकी एकाचाच करंट उलटवावा लागतो. कार्बनच्या दोन वायरी आपसात बदलल्या तर काही जळत नाही, फक्त फॉरवर्डला उलटं फिरतं. हे लक्षात आलं नाही तर "नवा स्विच टाकल्यापासून बिट कापतच नाही" अशी तक्रार येते आणि बिचाऱ्या बिटला धार लावत बसतात. फिल्डची वायर कार्बनच्या जोडीत गेली तर मात्र मोटर चालणार नाही, किंवा शॉर्ट होईल.

खालची टोकं दाबून घुसवायची होती. अशा टोकाची वायर ओढून काढायची नसते. शेजारच्या बारीक छिद्रात १ मिमीची सुई किंवा घड्याळजीचा पेचकस सरळ दाबला की आतली पकड सैल होते आणि वायर अलगद येते. नवी घालताना ८ मिमी सोललेलं टोक, आधी सोल्डरने टिन केलेलं, कारण मोकळे तंतू पकडीत शिरत नाहीत, पसरतात. वरच्या चार स्क्रूंच्या टोकांना याच्या उलट : तिथे टिन करायचं नाही. स्क्रूखाली दबलेलं सोल्डर काळाने बसतं, जोड सैल पडतो, गरम होतो आणि स्विचचं प्लास्टिक वितळवतो. तंतू पिळून घट्ट करून घातले. प्रत्येक वायर घातल्यावर हलकेच ओढून पाहिली.

कपॅसिटर जुनाच ठेवला, फुगलेला किंवा तडकलेला नव्हता. तो काढून टाकला तरी ड्रिल चालतं म्हणून बरेच जण काढून टाकतात. तो रेडिओ-टीव्हीत होणारी खरखर दाबण्यासाठी असतो आणि त्याची जागा बॉडीत ठरलेली असते. मोकळी सोडलेली वायर त्यापेक्षा वाईट.

दोन्ही कार्बन जोडीने बदलले, एकट्या आखूडला बदलायचं नसतं. होल्डर कोरड्या ब्रशने साफ करून कार्बन बोटाने आत-बाहेर मोकळा सरकतोय ना ते पाहिलं. कम्युटेटरला शून्य नंबरचा काचपेपर, फिरवत फिरवत हलका. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. हँडलमधला कीस रंगाच्या कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढला, हवा मारून नाही.

बंद करताना केबलची पकड आधी कसली, तिच्यात बाहेरचं रबर आलं पाहिजे, आतल्या वायर नाहीत. वायरी बॉडीतल्या खोबणींतून, स्क्रूच्या खांबांपासून दूर. दुसरी अर्धी बॉडी ठेवल्यावर स्क्रू कसण्याआधी ट्रिगर दाबून सोडला : तो स्वतः परत यायला हवा, बोटाने ओढावा लागत असेल तर उघडून कारण शोधायचं. रिव्हर्सची दांडी दोन्हीकडे टक् आवाज करत बसली. प्लास्टिकमधले स्क्रू मशीनने कसायचे नाहीत. हाताने आधी उलटे फिरवायचे, जुन्या आट्यात बसल्याचा हलका धक्का लागला की मग कसायचे. नाहीतर नवी आटी पडते आणि तिसऱ्या उघडणीला खांब पोकळ होतो.

चाचणी सिरीज बोर्डावर, म्हणजे वीज थेट न देता १०० वॉटच्या बल्बमधून. ट्रिगर न दाबता बल्ब बंद. हळूहळू दाबला तर बल्बही हळूहळू उजळतो आणि चक रेंगाळत फिरू लागतो. सोडताच बल्ब विझतो, हे वीसदा. इथे बल्ब दाबण्याआधीच पेटला असता तर थेट लाइनला लावायचं नव्हतं. मग मेगर पुन्हा. मग थेट लाइनवर, मागून पाहता चक घड्याळाच्या दिशेने फिरतोय याची खात्री, आणि कार्बन बसण्यासाठी १० मिनिटं मोकळं, मध्यम वेगात. दिशा बदलायची ती पूर्ण थांबल्यावरच. चालत्या ड्रिलची दांडी फिरवली तर रिव्हर्सचे पॉइंट एका दिवसात जातात, हे कारागिराला ठासून सांगावं लागलं, कारण अडकलेला बिट सोडवायची त्याची रीत तीच होती.

टेबलावर काय बदललं

सेंटर पंच सुचवला होता, पण दीड मिमी जाडीच्या पोकळ सेक्शनला हातोडीने खोच पडते आणि कोटिंगही तडकतं. शेवटी १० मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचा जिग, म्हणजे बिटला ठरल्या जागी धरणारा साचा, केला, रोजच्या चार भोकांच्या जागी कडक केलेल्या पोलादी बुश, म्हणजे बिट जाणाऱ्या छोट्या नळ्या, बसवलेल्या. सेक्शनवर जिग क्लॅम्प करायचा, बुशमध्ये बिट घालायचा, एकदाच तळापर्यंत दाबायचं. जिगमध्ये न बसणाऱ्या कामासाठी १३५ अंशांच्या स्प्लिट पॉइंटचे बिट, ते साध्या ११८ अंशांच्या बिटपेक्षा कमी घसरतात. लॉकचं बटण दाबून ड्रिल सतत चालू ठेवण्याची कल्पना मालकाला फार आवडली होती. दाब वाचले असते हे खरं, पण हातातल्या लॉक केलेल्या ड्रिलने पत्र्यात बिट अडकला तर सोडायचं काय? ती बाद केली. कॉम्प्रेसरचं नोझलही ट्रिगरकडून मोटरच्या मागच्या जाळीकडे वळवलं.

पुन्हा मोजलं : तासाला ३८ भोकं, ४१ दाब. महिन्याला साडेसहा हजारांच्या आत. म्हणजे पुढचा स्विच साडेसात-आठ महिने धरायचा. हँडलवर पांढऱ्या मार्करने तारीख लिहिली आणि एक स्विच आणून डब्यात ठेवला.

पाच महिन्यांनी कार्बन पाहायला मशीन उघडलं तेव्हा ट्रिगर मोकळा होता, अर्ध्या दाबावर वेग नीट येत होता. हँडलमध्ये कीस होता, पण चिमूटभर. त्याच दिवशी साइटवरचं दुसरं ड्रिलही आलं होतं, बंद-चालू होणारं. मालकाने डब्यातला स्विच काढूनच आणला होता. त्या ड्रिलची केबल रबरी नळीपाशी वाकवली तर बझर तुटला. १५ सेंटीमीटर केबल कापून पुन्हा जोडली आणि स्विच डब्यात परत गेला.